फ्रेममध्ये आलात, म्हणून बातमीत आलात असं नाही

सकाळचे सव्वादहा. कौटुंबिक न्यायालयाच्या फाटकासमोर एक शिक्षिका रिक्षातून उतरली, रिक्षावाल्याला सुटे पैसे दिले आणि फाइल छातीशी धरून आत गेली. रस्त्याच्या पलीकडे एका वृत्तवाहिनीचा कॅमेरा लावलेला होता, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. वाहिनीला त्या दिवशी घटस्फोटांवर बातमी करायची होती. निवेदनाखाली लावायला दृश्यं हवी होती : फाटक, पाटी, जिना, आत जाणारी माणसं. त्यात तिचे चार सेकंद आले. रात्री साताऱ्याहून मामीचा फोन आला. "अगं, तुला आत्ता टीव्हीवर बघितलं. कोर्टात कशाला गेली होतीस?" आजारी आईपासून आठ महिने जपून ठेवलेली गोष्ट त्या रात्री सगळ्या माहेराला कळली.

मी नऊ वर्षं वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काम केलं आहे. असे चार-चार सेकंद मी स्वतः शेकड्यांनी निवडले असतील. आमच्या भाषेत ती 'जनरल विज्युअल्स'. निवडताना माणूस ओळखीचा वाटला नाही की शॉट चालतो, एवढीच आमची कसोटी होती. आमच्या ओळखीचा नसलेला माणूस त्याच्या घरच्यांच्या ओळखीचा असतो, हा विचार त्या टेबलावर क्वचितच होई. ती शिक्षिका पुढे माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर बसून मी पहिला तक्रार अर्ज लिहिला. त्यानंतर बरेच लिहिले. त्यातून जे कळलं ते इथे सांगते आहे.

पहिला प्रश्न बहुतेकांचा हाच असतो : रस्त्यावर माझं चित्रीकरण करायला त्यांना माझी परवानगी लागते का? सरळ उत्तर असं की, सर्वसाधारणपणे नाही. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून बातमीसाठी दृश्यं टिपायला आपल्याकडे सरसकट मनाई नाही, आणि असू नये असं माझं ठाम मत आहे. मोर्चा, लाठीमार, तुंबलेली मिठी नदी, पडलेला पूल दाखवण्यासाठी दर वेळी प्रत्येक चेहऱ्याची सही घ्यावी लागली असती, तर अर्ध्या बातम्या जन्मालाच आल्या नसत्या. सोसायटीचं आवार, मॉल, शाळा, रुग्णालय यांचं तसं नाही. ती जागा कुणाच्या तरी ताब्यातली असते आणि ते 'बाहेर व्हा' म्हणू शकतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन कॅमेरा अडवतो तेव्हा तो आगाऊपणा करत नसतो. ते त्याचं काम असतं.

पण चित्रीकरणाला परवानगी लागत नाही, यावरून ते चित्र कसंही वापरता येतं असं ठरत नाही. सगळा गोंधळ इथेच होतो. गर्दीत तुम्ही दिसणं वेगळं आणि गर्दीतून उचलून तुम्हाला बातमीचा विषय करणं वेगळं. दादर स्टेशनच्या पुलावरची गर्दी दाखवताना तुम्ही दिसलात, तर तुमचं काही हिरावलं गेलेलं नाही. त्याच पुलावर तुमच्या चेहऱ्यावर झूम केला आणि खाली 'शहरात नैराश्याचे वाढते रुग्ण' अशी पट्टी फिरवली, तर तुमच्याविषयी एक विधान झालं, तेही तुम्हाला न विचारता आणि कदाचित खोटं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानं दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसाठी आणि आणखी तीन न्यायमूर्तींसाठी लिहिलेल्या निकालपत्रात आपल्या कामाचा मुद्दा आहे. खासगीपणा जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला असतो, आणि केवळ सार्वजनिक जागी आल्यामुळे माणूस तो गमावत नाही. घराच्या उंबऱ्याशी हक्क संपत नाही, तो तुमच्याबरोबर रस्त्यावर येतो. रस्त्यावर तो थोडा आक्रसतो, हेही खरं.

हाच विचार इंग्लंडमधल्या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसतो. १९९५ साली ब्रेंटवुड या गावात एक माणूस रात्री हातात सुरी घेऊन रस्त्यावर होता. त्यानं स्वतःच्या मनगटावर वार करून घेतले होते. नगरपरिषदेच्या सीसीटीव्हीमुळे पोलिसांना कळलं आणि मदत पोचली. इथपर्यंत कॅमेऱ्यानं भलंच केलं. पुढे नगरपरिषदेनं ती दृश्यं आपल्या यंत्रणेचं यश दाखवण्यासाठी माध्यमांना दिली, ती टीव्हीवर गेली आणि ओळखीच्या लोकांनी त्याला ओळखलं. २००३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निर्णय दिला. तो रस्त्यावर होता, पण कुठल्या सार्वजनिक कार्यक्रमासाठी आलेला नव्हता. त्या रस्त्यानं जाणाऱ्या चार जणांनी पाहणं आणि देशानं पाहणं यात न्यायालयानं फरक केला. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही. पण तक्रार लिहिताना हाच फरक शब्दांत मांडता आला, तर अर्धं काम होतं.

मूलभूत हक्क मुळात सरकारच्या विरोधात असतो. खासगी वाहिनीविरुद्ध पुट्टस्वामीचं नाव घेऊन थेट उच्च न्यायालयात जाणं सामान्य माणसाला परवडणारंही नाही आणि बहुतेक वेळा गरजेचंही नाही. वाहिन्यांना लागू असलेले केबल टेलिव्हिजनचे नियम, फौजदारी कायद्यातली काही नेमकी कलमं आणि वृत्तवाहिन्यांनी स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता, ही रोजच्या वापराची हत्यारं. कुठल्या जागी कुठलं चालतं ते पाहू.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे अपघात विभागाचं दार. स्ट्रेचर आत जातं, मागे धावणारी आई दारात अडवली जाते आणि तिच्यासमोर एका वेळी पाच बूम येतात. (बूम म्हणजे वाहिनीचं बोधचिन्ह लावलेला माइक.) "काय वाटतंय?" हा प्रश्न तिथे विचारला जातो, हे तुम्ही पाहिलं आहे. त्या आईचा हंबरडा दिवसभर पुन्हा पुन्हा लावला जातो, हेही पाहिलं आहे. तिथल्या नातेवाइकांना माझा सल्ला असा : आधी रुग्णालयाच्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा अधीक्षकांना गाठा आणि 'आमच्या रुग्णाचं चित्रीकरण होऊ देऊ नका, माहिती कुणाला देऊ नका' असं सांगा. शक्य असेल तर कागदाच्या चिठोऱ्यावर का होईना, लिहून द्या. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या नियमावलीत, रुग्णाची गुपितं फोडण्याला आणि ओळख पटेल असं रुग्णाचं छायाचित्र परवानगीशिवाय छापण्याला प्रतिबंध आहे. मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्यांना तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं स्पष्ट कवच आहे. त्यांचं छायाचित्र किंवा आजाराची माहिती त्यांच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. रुग्णालयाला या जबाबदारीची आठवण करून दिली, की दारावरचा सुरक्षारक्षक जरा जागा होतो.

दुसरं, घरातल्या किंवा शेजारच्या एकाच खंबीर माणसाला बोलायला पुढे करा. त्यानं रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जाऊन, सगळ्या वाहिन्यांना एकदमच, दोन वाक्यं सांगावीत आणि परत यावं. हे अनुभवानं सांगते. वार्ताहरावर ऑफिसचा दबाव असतो तो एका बाइटचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेचा. ती मिळाली की बहुतेक कॅमेरे आवरले जातात आणि आईच्या मागची गर्दी विरते. अपघातातल्या माणसाला रुग्णालयात पोचवणाऱ्या अनोळखी व्यक्तीनं तर कॅमेऱ्यासमोर नाव सांगायची काहीच गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ अशा मदतनीसाला पोलिसांकडच्या ससेमिऱ्यापासूनसुद्धा संरक्षण देतं, मग वाहिनीला नाव सांगण्याचं बंधन कुठून येणार?

धाडींची दृश्यं वेगळी असतात. लॉजवर धाड पडते, बायका ओढणीत तोंड लपवून जिना उतरतात, कॅमेरा वाकून ओढणीखाली बघायला जातो. यातल्या अनेक जणी पोलिसांच्याच नोंदीत 'सुटका केलेल्या पीडित' असतात. आरोपींची गोष्टही सोपी नाही. पकडलेल्या माणसाला पोलीस ठाण्याच्या आवारात रांगेत उभं करून दाखवण्याची पद्धत इतकी रुळली आहे की कुणाला खटकत नाही. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला पोलिसांच्या माध्यम-निवेदनांसाठी नियमपुस्तिका तयार करायला सांगितलं. आरोपीला निर्दोष मानलं जाण्याचा हक्क आणि पीडितांचा खासगीपणा, दोन्हींचा विचार त्यामागे आहे. तुमच्या घरातलं कुणी अशा स्थितीत असेल तर वकिलामार्फत किंवा स्वतः तपास अधिकाऱ्याला सांगा, 'कॅमेऱ्यासमोर उभं करू नका, नेताना चेहरा झाकू द्या.' तोंड झाकणं गुन्हा नाही आणि त्यातून अपराध सिद्धही होत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात कायदा सगळ्यात कडक आहे, आणि तो सगळ्यात जास्त मोडलाही जातो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ (जुन्या दंड संहितेत २२८अ) पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की ओळख म्हणजे फक्त नाव आणि चेहरा नव्हे. ज्या तपशिलावरून दूरान्वयानंही ती कोण हे कळेल, तो प्रत्येक तपशील ओळखच आहे. चेहरा धूसर केला, पण घराचं दार, वस्तीची कमान, शाळेची पाटी आणि मामाची बाइट दाखवली, तर गाव काही आंधळं नसतं. पीडिता मरण पावली असेल किंवा अल्पवयीन असेल, तर नातेवाइकांनी 'दाखवा' म्हटल्यानंही वाहिनीला थेट मोकळीक मिळत नाही. कठुआच्या प्रकरणात ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते.

मुलांसाठी आणखी दोन कायदे उभे आहेत. पॉक्सोच्या कलम २३ खाली अत्याचारग्रस्त मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर, काहीही दाखवता येत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ याच्याही पुढे जातं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, गुन्ह्याचा साक्षीदार असलेलं मूल, या सगळ्यांची ओळख त्यात झाकलेली आहे. म्हणजे शाळेच्या बसला अपघात होऊन त्यावर गुन्हा दाखल झाला असेल, तर बसमधल्या आठ वर्षांच्या पोराला माइकसमोर उभं करून 'कसं झालं सांग बाळा' म्हणणं हा नुसता असंवेदनशीलपणा राहत नाही. पालकांनी, शिक्षकांनी, अगदी बघ्यांनीही तिथे मध्ये पडावं आणि मुलाला पाठमोरं करावं.

नदीवरच्या स्नानाविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आषाढीला चंद्रभागेत, सिंहस्थात गोदावरीच्या घाटावर हजारो बायका उघड्यावर स्नान करतात, कपडे बदलतात. वारीचा विस्तीर्ण शॉट सुंदरच दिसतो. पण लांब पल्ल्याची लेन्स लावून एका बाईवर थांबणं हा वेगळा प्रकार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांचं चित्र संमतीविना टिपणं, छापणं किंवा पाठवणं गुन्हा ठरवतं. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यक्ती सार्वजनिक जागी आहे की खासगी, याला महत्त्व नाही, असं हे कलम स्वतःच स्पष्ट करतं. हे कलम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. इथे वाहिनीला पत्र लिहीत बसू नका; थेट पोलीस ठाणे किंवा सायबर गुन्ह्यांचं सरकारी पोर्टल गाठा.

आता प्रत्यक्ष क्षण. माइक समोर आला आहे आणि तुम्हाला बोलायचं नाही. वार्ताहराच्या प्रश्नाला उत्तर देण्याचं कोणतंही कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. कॅमेऱ्याकडे बघून, आवाज न चढवता सांगा : "मला बोलायचं नाही. माझा चेहरा दाखवू नका." पुन्हा विचारलं तर हेच वाक्य पुन्हा. तुमचा नकार त्यांच्याच कॅमेऱ्यात नोंदवला जातो, आणि उद्या तक्रार झालीच तर त्या वाक्याला वजन येतं. बूमवरचं वाहिनीचं चिन्ह लक्षात ठेवा. जमलं तर सोबतच्याला मोबाइलवर टिपायला सांगा. मग वळा आणि चालू लागा.

कॅमेऱ्याला किंवा वार्ताहराला हात लावू नका. कितीही संताप आला तरी नको. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि उपकरणाचं नुकसान केलं तर भरपाईही द्यावी लागते. शिवाय तुम्ही लेन्सवर हात मारला की तुमची तक्रार मागे पडते आणि तेवढाच शॉट दिवसभर चालतो. आमच्या डेस्कवर असा शॉट आला की तोच सर्वात आधी बाहेर जायचा.

बोलायला हरकत नसेल तर बोलण्याआधी विचारा : विषय काय, थेट प्रक्षेपण आहे की नंतर दाखवणार, यूट्यूबवर जाणार का? विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला वार्ताहर नीट उत्तर देतो, आणि चांगले वार्ताहर पुष्कळ आहेत. घरी गेल्यावर वाटलं की बोलायला नको होतं, तर लगेच त्या वार्ताहराला किंवा वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कला फोन करा आणि बाइट वापरू नका म्हणा. दुपारी टिपलेली बाइट बहुधा संध्याकाळच्या बुलेटिनसाठी कापली जाते, मधले तीन-चार तास तुमचे असतात. काही मिनिटांत दुसरी बाइट लावता येते, चेहरा ब्लर करायलाही फार वेळ लागत नाही. 'आता तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असं कुणी सांगितलं तर सहसा विश्वास ठेवू नका.

प्रसारण झालंच असेल तर घड्याळ सुरू झालं असं समजा. पहिल्या तासाभरात पुरावा गोळा करा : वाहिनी, तारीख, वेळ, बातमीचं शीर्षक, टीव्हीच्या पडद्याचा फोटो, यूट्यूब किंवा फेसबुकवर असेल तर दुवा आणि स्क्रीन रेकॉर्डिंग. दाखवलेल्या मजकुराची नोंद नव्वद दिवस ठेवणं वाहिन्यांना बंधनकारक आहे, म्हणून 'आमच्याकडे फुटेज नाही' ही सबब त्या मुदतीत चालत नाही. पण तुमच्याकडचा पुरावा तुमच्या हाताशी असलेला बरा.

मग लेखी तक्रार. केबल टेलिव्हिजन नियमांमध्ये जून २०२१ मध्ये तीन पायऱ्यांची व्यवस्था आली. पहिली पायरी वाहिनीच. प्रत्येक वाहिनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा. त्यानं समाधान झालं नाही, किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या पंधरा दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करता येतं, आणि त्या संस्थेनं साठ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिसरी पायरी केंद्र सरकारचं माहिती व प्रसारण मंत्रालय. बऱ्याच मोठ्या वृत्तवाहिन्यांसाठी दुसरी पायरी म्हणजे 'न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी', एनबीडीएसए. मालिका आणि रिअ‍ॅलिटी शो दाखवणाऱ्या मनोरंजन वाहिन्यांसाठी 'ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल' आहे. एनबीडीएसएचा नियम घट्ट आहे : पहिल्या प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे तक्रार गेलेली हवी. म्हणून 'दोन-चार दिवस जाऊ देत, मग बघू' असं करू नका. आणि तोच विषय आधीच न्यायालयात नेला असेल, तर ही संस्था तो हाती घेत नाही. तेव्हा कोणत्या दारानं जायचं हे आधी ठरवा. वर्तमानपत्रांसाठी असलेली प्रेस कौन्सिल टीव्हीच्या तक्रारी घेत नाही. तिकडे अर्ज पाठवून महिना घालवलेली माणसं मला भेटली आहेत.

तुमच्या गावातली स्थानिक केबल वाहिनी यांपैकी कुठल्याच संस्थेची सदस्य नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीकडे अर्ज करा. तालुक्याच्या ठिकाणी हा मार्ग दिल्लीच्या पत्त्यापेक्षा पुष्कळ जवळचा.

अर्ज लांबवू नका. राग खरा असला तरी तो अर्जात नको. शिक्षिकेनं पाठवलेल्या अर्जाचा सांगाडा असा होता :

"आपल्या वाहिनीवर दिनांक … रोजी रात्री … वाजता प्रसारित झालेल्या '…' या बातमीत साधारण … मिनिटाला माझे चार सेकंदांचे दृश्य दाखवण्यात आले. त्यात माझा चेहरा स्पष्ट ओळखू येतो. मी त्या बातमीचा विषय नव्हते, माझ्याशी कोणी बोलले नाही आणि माझी संमती घेतली नाही. बातमीच्या मजकुरामुळे माझ्या वैवाहिक आयुष्याविषयी माझ्या नातेवाइकांपर्यंत माहिती पोचली. माझा चेहरा दाखवण्यात कोणतेही सार्वजनिक हित नव्हते; तो झाकूनही बातमी तेवढीच पूर्ण झाली असती. माझ्या मागण्या : एक, हे दृश्य यापुढे दाखवू नये. दोन, सर्व डिजिटल माध्यमांवरून ते काढावे किंवा चेहरा धूसर करावा. तीन, वाहिनीच्या संग्रहातून ते वगळावे. चार, केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

यातला 'झाकूनही बातमी तेवढीच पूर्ण झाली असती' हा मुद्दा सोडू नका. वृत्तवाहिन्यांची आचारसंहिता सांगते की ठळक आणि व्यापक सार्वजनिक हित असल्याशिवाय कुणाच्या खासगी आयुष्यात शिरू नये. म्हणजे प्रश्न तुमच्या भावनेचा उरत नाही. तुमचा चेहरा बातमीला कशासाठी हवा होता, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. बातमीनं तुमच्याबद्दल चुकीचं सूचित केलं असेल, म्हणजे कांद्याच्या भावावर घेतलेली बाइट भलत्याच विषयाला जोडली असेल, तर केबल नियमांमधल्या सहाव्या नियमाचा उल्लेख करा. अर्धसत्य आणि खोटं सूचित करणारा मजकूर तिथे निषिद्ध आहे. शक्य असेल तर अर्जाला इंग्रजी प्रतही जोडा, पुढच्या पायरीवर तिचा उपयोग होतो.

कुठे तक्रार टिकणार नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच आशेवर राहतात. फलक घेऊन मोर्चात उतरलात तर तुम्ही दिसायलाच आला आहात. सभेतला पुढारी, कामावर असलेला सरकारी कर्मचारी, विसर्जन मिरवणुकीत नाचणारा गट, मैदानावरचा प्रेक्षक, यांना सहसा काही मिळत नाही. लाच घेताना टिपलेल्या माणसानं खासगीपणाचं नाव घेतलं, तर मी त्याच्या बाजूनं उभी राहणार नाही. याउलट, मरीन ड्राइव्हवर पावसात बसलेलं जोडपं कुणाचंच काही बिघडवत नसतं. त्यांना 'संस्कृती' शिकवण्यासाठी चेहऱ्यासकट दाखवणं हे माझ्या मते सार्वजनिक हिताच्या जवळपासही जात नाही. अशा जोडप्यांनी तक्रार करावी. ती करत नाहीत, कारण तक्रारीनंही नाव बाहेर येईल अशी भीती त्यांना असते.

व्यवस्थेच्या ताकदीबद्दलही भ्रम नको. एनबीडीएसए आपल्या सदस्याला समज देते, दिलगिरी दाखवायला लावते, व्हिडिओ काढायला लावते आणि दंड करते. पण एक लाखाचा दंड मोठ्या वाहिनीला किती लागणार, असा सूर सर्वोच्च न्यायालयानंच ऑगस्ट २०२३ च्या सुनावणीत लावला होता. ती सुनावणी मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२१ च्या निकालावरच्या अपिलात झाली. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केलं, त्याविषयीचा तो निकाल. मृत व्यक्तीचा खासगीपणा आणि मृताच्या घरच्यांना छळणाऱ्या मुलाखती यांबद्दल त्यात स्पष्ट मार्गदर्शन आहे. आत्महत्या झालेल्या घरी कॅमेरे आले, तर हा निकाल वार्ताहरासमोर ठेवावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवली, तर शेतकऱ्याच्या दाराशी बसलेल्या बाईला थोडी तरी उसंत मिळेल. नुकसान मोठं असेल, नोकरी गेली असेल, जमावानं हल्ला केला असेल, तर दिवाणी भरपाई आणि बदनामीचा दावा या वाटा आहेतच; तिथे वकील हवाच. २००७ मध्ये दिल्लीत एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग दाखवलं गेलं आणि शाळेबाहेर जमावानं तिला मारहाण केली. पुढे मंत्रालयानं ती वाहिनी महिनाभर बंद ठेवली, हे खरं. पण त्याआधी तिला मार बसला होता.

हल्ली खरा त्रास टीव्हीचा नसतो, टीव्हीनंतरचा असतो. बुलेटिन एका रात्रीत संपतं, यूट्यूबवरची प्रत राहते, तिच्यातला तुकडा कापून कुणीतरी रील करतं आणि ते गावच्या ग्रुपवर फिरतं. यूट्यूबवर खासगीपणाच्या भंगाची वेगळी तक्रार नोंदवता येते. तिथे व्हिडिओचा नेमका मिनिट-सेकंद द्यायचा असतो आणि तक्रार ज्याचा चेहरा आहे त्यानंच करायची असते. वाहिनीनं मूळ व्हिडिओ काढल्यावर तिचं पत्र जोडून इतर प्रती काढायला सांगणं सोपं जातं. ग्रुपवरच्या प्रतींचा पाठलाग करण्यात दमून जाऊ नका. आधी मूळ बंद करा.

शिक्षिकेच्या अर्जाला बाराव्या दिवशी उत्तर आलं. यूट्यूबवरून बातमी काढली होती आणि चेहरा झाकून पुन्हा टाकली होती. दिलगिरीचं एक वाक्य होतं. तिसऱ्या मागणीबद्दल मात्र एक शब्द नव्हता, आणि मी तिला म्हटलं, आपल्याला तीच सगळ्यात जास्त हवी आहे. वाहिनीच्या संग्रहात, ज्याला आम्ही लायब्ररी म्हणतो तिथे, 'फॅमिली कोर्ट, एक्स्टिरिअर' अशा नावाखाली तो शॉट पडून राहणार होता. दोन वर्षांनी पोटगीवर बातमी करणारा एखादा नवा मुलगा शोधायला बसला असता, तर पहिला तोच समोर आला असता. ती तिचं आयुष्य पुढे नेत असताना ते चार सेकंद तिला पुन्हा त्याच फाटकाशी उभं करणार होते. तिनं दुसरं पत्र लिहिलं, त्यात फक्त तिसरी मागणी होती. त्याचं उत्तर यायला आणखी तीन आठवडे लागले. लायब्ररीतून ती क्लिप काढून टाकल्याचं त्यात लिहिलं होतं, क्लिपच्या क्रमांकासकट. ते पत्र तिनं कोर्टाच्या फाइलमध्येच लावून ठेवलं आहे.